अल्केनचं सब्स्टिट्यूशन: पाठ करू नका, हायड्रोजन मोजा

दरवर्षी तोच प्रकार, पोरं हायड्रोकार्बन्सचा धडा घेऊन आमच्या पडवीत येऊन बसतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, ताई, अल्केनमधला हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन किंवा ब्रोमीन बसवला (ह्यालाच सब्स्टिट्यूशन म्हणतात) की मेजर प्रॉडक्ट, म्हणजे सगळ्यात जास्त होणारं, कुठलं ते लक्षात कसं ठेवायचं. अरे लक्षात ठेवायचंच नाहीये, मोजायचंय. सुपाऱ्या मोजता येतात ना, मग हे पण येतं. मी गुहागर तालुक्यात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, आणि दरवेळी तेच तेच फळ्यावर लिहून हात दुखतो म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

आधी गडी कोण ते बघू. इथून जवळच अंजनवेलला जहाजातून जो गॅस उतरतो, उणे १६२ डिग्रीच्या आसपास गार करून पातळ केलेला, तो बहुतेक सगळा मिथेनच. म्हणजे साध्यातला साधा अल्केन, नुसता कार्बन आणि हायड्रोजन. तो जळतो मस्त, पण बाकी अ‍ॅसिड घाला, अल्कली घाला, ढिम्म हलत नाही, कारण त्याच्याकडे डबल बाँड नाही, कुठे प्लस-मायनस नाही, सगळे सिग्मा (साधे एकेरी) बाँड आणि तेही जवळपास नॉन-पोलर. अशा सुस्त माणसाला उठवायला एकच उपाय, समोर असा कोणीतरी आणायचा ज्याच्याकडे एकटा इलेक्ट्रॉन आहे आणि ज्याला जोडीदार मिळेपर्यंत चैन नाही. तो म्हणजे रॅडिकल. ह्या धड्यात जिथे अडाल तिथे स्वतःला एवढंच विचारा, आत्ता एकटा इलेक्ट्रॉन कोणाकडे आहे?

पहिलं काम, बाणावर काय लिहिलंय ते वाचा

पोरं रिअ‍ॅक्शनच्या बाणाच्या डावीकडचं वाचतात, उजवीकडचं वाचतात, आणि बाणावरचं वाचतच नाहीत. तिथे यूव्ही, सनलाईट, एचन्यू (hν, उजेडाची खूण) किंवा नुसतं हीट असं काही लिहिलेलं असतं, आणि सगळं उत्तर तिथूनच सुरू होतं. मिथेन आणि क्लोरीन अंधारात साध्या टेंपरेचरला एकत्र ठेवलेत तर काही होत नाही, उजेड दिला की सुरू.

आता उजेडाने नेमकं काय तुटतं? मिथेन तुटतो असं लिहू नका. क्लोरीन-क्लोरीन बाँड तोडायला मोलामागे साधारण २४३ किलोज्यूल लागतात (पुस्तकं बदलली की आकडा दोन-चारने मागेपुढे होतो, त्यावरून भांडू नका) आणि मिथेनचा कार्बन-हायड्रोजन बाँड तोडायला ४३९. हिशेब केलात तर क्लोरीनला ४९२ नॅनोमीटरपर्यंतचा उजेड पुरतो, म्हणजे निळा सुद्धा चालतो, आणि मिथेनला २७२ च्या खालचा लागेल. तेवढा तिखट उजेड ओझोनचा थर वरच अडवतो, तो जमिनीपर्यंत पोचतच नाही. त्यातून मिथेन ह्यातलं काही शोषूनच घेत नाही. म्हणून कितीही ऊन असलं तरी तुटणार तो क्लोरीनच.

आमच्या कॉलेजात सरांनी हे क्लोरीनने नाही, ब्रोमीनने दाखवलं होतं. दोन टेस्ट ट्यूबमध्ये हेक्झेन, दोन्हीत ब्रोमीनचे थोडे थेंब, एकीला काळा कागद गुंडाळलेला आणि दुसरी खिडकीत. बाहेर आषाढातलं आभाळ भरून आलेलं, उजेड कसला तो, त्यामुळे तास संपत आला तरी रंग जाईना आणि आम्ही मागच्या बाकावर हसतोय, पण शेवटी हळूहळू लालसर रंग फिका पडत गेला, तोंडाशी ओला निळा लिटमस धरला तर लाल, आणि काळ्या कागदातली ट्यूब मात्र होती तशीच. तेव्हापासून बाणावरचं एचन्यू मी कधी विसरले नाही. (घरी करायला जाऊ नका, ब्रोमीन अंगावर पडला तर कातडी जाळतो, ते कॉलेजच्या लॅबमध्येच, हूडखाली.)

मेकॅनिझम कसं लिहायचं

तीन टप्पे आहेत हे सगळ्यांना पाठ असतं, इनिशिएशन (सुरुवात), प्रोपगेशन (साखळी पुढे चालणं), टर्मिनेशन (शेवट). पण मार्क जातात ते आतल्या ओळींमध्ये.

इनिशिएशन एका ओळीत संपतं: क्लोरीन रेणू + उजेड → दोन क्लोरीन रॅडिकल. बाँड मधोमध तुटतो, एक इलेक्ट्रॉन ह्याला, एक त्याला, भावाभावांच्या वाटणीसारखा. म्हणून बाण अर्ध्या टोकाचा काढायचा, मासे पकडायच्या गळासारखा, त्याला फिशहुक म्हणतातच मुळी. पूर्ण टोकाचा बाण म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एकाच बाजूला गेले, ते आयनचं प्रकरण, इथे नाही. एवढ्या अर्ध्या टोकासाठी मार्क घालवलेली पोरं मी पाहिलीत.

प्रोपगेशन दोन ओळींचं:
क्लोरीन रॅडिकल + मिथेन → एचसीएल + मिथाइल रॅडिकल
मिथाइल रॅडिकल + क्लोरीन रेणू → क्लोरोमिथेन + क्लोरीन रॅडिकल

आता बघा, पहिल्या ओळीत क्लोरीन रॅडिकल खर्च झाला आणि दुसरीच्या शेवटी परत मिळाला. शिमग्याला पालखी कशी फिरते, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर, ह्या वाडीतून त्या वाडीत, खांदेकरी बदलत राहतात पण पालखी खाली टेकत नाही. इथली पालखी म्हणजे तो एकटा इलेक्ट्रॉन. प्रत्येक ओळीत डावीकडे एक रॅडिकल असेल तर उजवीकडे एकच रॅडिकल पाहिजे. दोन आले किंवा एकही नाही आला तर ती ओळ प्रोपगेशनची नाही, खोडा आणि परत लिहा. उजेडाच्या एका कणाने सुरू झालेली ही साखळी हजारो रेणू उरकू शकते.

मी स्वतः अकरावीला काय लिहिलं होतं माहितेय? क्लोरीन रॅडिकल + मिथेन → क्लोरोमिथेन + हायड्रोजन रॅडिकल. दिसायला किती छान, एका झटक्यात प्रॉडक्ट! मार्क शून्य, आणि वहीवर लाल पेनाने नुसतं प्रश्नचिन्ह. कोणी कारण सांगितलं नाही, ते मी नंतर शोधलं, आणि कारण साध्या वजाबाकीत आहे. बरोबर रस्त्यात ४३९ चा बाँड तोडून ४३१ चा (एचसीएलचा) मिळतो, म्हणजे फक्त ८ किलोज्यूल अंगावर पडतात. माझ्या रस्त्यात ४३९ तोडून साधारण ३५० चा कार्बन-क्लोरीन मिळतो, म्हणजे ८९ ची चढण. सपाटीचा रस्ता असताना घाट कोण चढेल. आणि दुसऱ्या ओळीत २४३ तोडून ३५० मिळतात, म्हणजे १०७ सुटतात, दोन्ही मिळून जवळपास ९९ किलोज्यूल बाहेर. ह्यामुळे सगळी गाडी उताराला लागते.

टर्मिनेशन म्हणजे दोन एकटे भेटले आणि जोडी जमली, पालखी सहाणेवर (तिच्या ओट्यावर) बसली. क्लोरीन-क्लोरीन, मिथाइल-क्लोरीन, मिथाइल-मिथाइल, तीन ओळी. तिसरी कधीच सोडू नका, कारण त्यातून इथेन मिळतो, आणि क्लोरीन घातलेल्या मिथेनमध्ये शेवटी थोडासा इथेन सापडतो हाच तर मिथाइल रॅडिकल खरंच होता ह्याचा पुरावा. दोन कार्बनचा माल एक कार्बनवाल्यातून आला कुठून, दुसरं काय उत्तर आहे. हाच प्रश्न इथेन देऊन विचारला तर उत्तर ब्युटेन.

ऑक्सिजन आत शिरला तर रिअ‍ॅक्शन काही वेळ अडते हे पण विचारतात. ऑक्सिजन मिथाइल रॅडिकलला धरतो आणि जो पेरॉक्सी रॅडिकल होतो तो मिथेनचा हायड्रोजन ओढण्यात फारच आळशी, त्यामुळे ऑक्सिजन संपेपर्यंत साखळी तुटत राहते. संपला की परत सुरू.

एक राहिलं, एचसीएल लिहायला विसरू नका. क्लोरीनच्या रेणूतला एकच अणू आत जातो, दुसरा हायड्रोजन घेऊन बाहेर पडतो, अदलाबदल आहे ही, भर नाही. ह्या एचसीएलमुळेच तर सब्स्टिट्यूशन माणसांच्या नजरेत आलं असं सांगतात. पॅरिसमध्ये राजाकडच्या समारंभात मेणबत्त्या पेटवल्या आणि पाहुणे खोकायला लागले, चौकशी ज्याँ-बाप्तिस्त ड्यूमाकडे गेली, आणि कळलं असं की मेण क्लोरीनने पांढरं केलेलं होतं, क्लोरीन हायड्रोजनच्या जागी मेणात जाऊन बसलेला आणि जळताना एचसीएल होऊन निघत होता. हायड्रोजनसारख्या पॉझिटिव्ह गड्याची जागा क्लोरीनसारखा निगेटिव्ह घेऊच शकत नाही असं तेव्हा मोठमोठे लोक मानायचे, ड्यूमाने १८३४ साली सरळ सांगितलं की घेतो.

एकच क्लोरीन पाहिजे तर काय करायचं

क्लोरोमिथेन झाला की त्याच्याकडे अजून तीन हायड्रोजन आहेतच, क्लोरीन काय त्याला सोडणारे. मग डायक्लोरोमिथेन, मग क्लोरोफॉर्म, मग कार्बन टेट्राक्लोराइड, चौघांची खिचडी. म्हणून प्रश्नात "मिथेन जास्त प्रमाणात" असं असेल तर उत्तर क्लोरोमिथेन, कारण क्लोरीन रॅडिकलला दर वळणावर मिथेनच भेटतो, आणि "क्लोरीन जास्त प्रमाणात" असेल तर टेट्राक्लोराइड. खिचडी झालीच तर वेगळी करता येते, उकळायचे आकडे लांब लांब आहेत: उणे २४, ४०, ६१ आणि ७७ डिग्री.

आता खरं काम, मोजणी

इथपर्यंत मिथेन होता म्हणून सोपं होतं, चारही हायड्रोजन सारखे. ब्युटेन आला की गोंधळ. मोजणी मी अशी करते: रेणू काढायचा, आणि आरशात किंवा फिरवून जे हायड्रोजन एकमेकांच्या जागी येतात त्यांना एक रंग द्यायचा. जितके रंग तितके मोनोक्लोरो (एकच क्लोरीन बसलेले) प्रॉडक्ट. पाच कार्बनचे तिघे घ्या: एन-पेंटेनला (सरळ साखळी) तीन रंग, आयसोपेंटेनला (एक फांदी) चार, निओपेंटेनला (मधल्या कार्बनला चार मिथाइल) एकच. म्हणून "पाच कार्बनच्या एका अल्केनमधून एकच मोनोक्लोरो मिळतो, तो ओळखा" ह्याचं उत्तर निओपेंटेन, दहा सेकंदांचं काम.

मग कुठला रंग किती, ह्यासाठी दोन गोष्टी गुणायच्या. त्या रंगाचे हायड्रोजन किती, आणि एकेक हायड्रोजन किती वेगाने जातो. वेगाचे आकडे क्लोरीनसाठी २५ डिग्रीच्या आसपास असे: प्रायमरी १, सेकंडरी ३.८, टर्शरी ५ (हायड्रोजन ज्या कार्बनवर आहे तो आणखी एकाच कार्बनला जोडलेला तर प्रायमरी, दोघांना तर सेकंडरी, तिघांना तर टर्शरी). एवढं मात्र पाठ करा, ह्याला इलाज नाही.

ब्युटेन घ्या. टोकांचे प्रायमरी सहा, ६ × १ = ६. मधले सेकंडरी चार, ४ × ३.८ = १५.२. बेरीज २१.२. म्हणजे १-क्लोरोब्युटेन २८ टक्के आणि २-क्लोरोब्युटेन ७२ टक्के. झालं.

आयसोब्युटेनला (मधल्या कार्बनला तीन मिथाइल) मात्र पोरं हमखास फसतात. टर्शरी हायड्रोजन सगळ्यात वेगवान हे पाठ असतं, म्हणून टर्शरी क्लोराइड मेजर असं ठोकून देतात. मोजा की! प्रायमरी नऊ, ९ × १ = ९. टर्शरी एकुलता एक, १ × ५ = ५. प्रायमरी ६४ टक्के, टर्शरी ३६. वेगवान असून हरला, कारण समोर नऊ जण. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हुशार उमेदवार का पडतो तसंच.

जरा मोठा, २-मिथाइलब्युटेन, म्हणजे तोच आयसोपेंटेन. चार रंग. दुसऱ्या कार्बनवरच्या दोन मिथाइलचे सहा हायड्रोजन, ६. टर्शरी एक, ५. मधल्या सीएचटूचे दोन, ७.६. शेवटच्या मिथाइलचे तीन, ३. बेरीज २१.६. टक्के काढलेत तर २८, २३, ३५, १४. बघा, मेजर म्हणावं असं धड कुणीच नाही, आणि म्हणूनच लॅबमध्ये एखादा ठराविक अल्किल क्लोराइड हवा असेल तर मी तरी ह्या रस्त्याने जाणार नाही, अल्कोहोलपासून केलेला बरा.

ब्रोमीनची गोष्टच वेगळी

वेगाचे आकडे बघा, १२७ डिग्रीला: प्रायमरी १, सेकंडरी ८२, टर्शरी १६००. आता तोच आयसोब्युटेन, ९ विरुद्ध १६००. टर्शरी ब्रोमाइड ९९ टक्क्यांच्या वर. तोच २-मिथाइलब्युटेन: ६, १६००, १६४, ३, म्हणजे टर्शरी ९० टक्के, सेकंडरी ९, बाकीचे दोघे मिळून अर्धा टक्का. म्हणून ब्रोमीन दिसला की गुणाकार न करता थेट सगळ्यात जास्त सबस्टिट्यूटेड कार्बनकडे जा, चालतं.

असं का ते समजून घ्या, नाहीतर परीक्षेत क्लोरीन-ब्रोमीनची अदलाबदल होते. संध्याकाळी बंदरावर मासळी उतरते तेव्हा बघा, मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा पहिल्या टोपलीतलं पापलेट उचलतो आणि निघतो, आणि आमची शेजारीण काकू दहा टोपल्या फिरते, कल्ले उघडून बघते, डोळा बघते, दाबून बघते, मग एक घेते. क्लोरीन म्हणजे तो पाहुणा, ब्रोमीन म्हणजे काकू. पाहुण्याला घाई परवडते कारण त्याच्याकडे पैसे आहेत, आणि इथे पैसे म्हणजे ऊर्जा. एचसीएलचा बाँड ४३१ चा, म्हणून क्लोरीनला कुठलाही हायड्रोजन ओढला तरी जवळपास फुकटात किंवा फायद्यात पडतो. एचबीआरचा बाँड फक्त ३६६, म्हणजे ब्रोमीनला प्रत्येक हायड्रोजन ओढताना पदरचे घालावे लागतात, मग जिथे कमीत कमी घालावे लागतील तिथेच तो जाणार, आणि ती जागा टर्शरी, कारण तिथला रॅडिकल सगळ्यात स्थिर, आजूबाजूच्या कार्बन-हायड्रोजन बाँडचा हायपरकॉन्ज्युगेशनचा आधार त्याला जास्त.

पुस्तकी भाषेत ह्याला हॅमंड पॉस्च्युलेट म्हणतात, १९५५ चं. पायरी ऊर्जा खाणारी असेल तर ट्रान्झिशन स्टेट (चढणीचा माथा) उशिरा येते आणि प्रॉडक्टसारखी, म्हणजे इथे रॅडिकलसारखी दिसते, त्यामुळे रॅडिकलच्या स्थिरतेतला फरक तिथे पुरेपूर जाणवतो. क्लोरीनची ट्रान्झिशन स्टेट लवकर येते, बाँड अजून धड तुटलेलाही नसतो, फरक जाणवायचा कुठून. जास्त रिअ‍ॅक्टिव्ह तो कमी सिलेक्टिव्ह, असं लिहिलंत तरी बोर्डाला पुरतं, पण सीईटीला कारण विचारलं तर वरचं आठवा.

फ्लुओरीन आणि आयोडीनचं पटकन सांगते. फ्लुओरीन भडकतो, पहिल्याच पायरीत १२९ किलोज्यूलच्या आसपास सुटतात, बाटलीत करायचं काम नाही ते. आयोडीन उलटा, पहिल्या पायरीला १४१ ची चढण, आणि जे थोडं होतं ते एचआय परत फिरवून अल्केन करून टाकतो. म्हणून आयोडिनेशनला आयोडिक अ‍ॅसिड किंवा नायट्रिक अ‍ॅसिडसारखा ऑक्सिडायझर घालतात, तो एचआयला खाऊन टाकतो आणि परतीची वाट बंद. आयोडीन दिसला आणि ऑक्सिडायझर नसला तर "रिव्हर्सिबल" हा शब्द उत्तरात आलाच पाहिजे.

बाणावरचं वाचा म्हटलं होतं ना, त्याचा सगळ्यात मोठा सापळा टोल्युइन, म्हणजे बेंझिनच्या रिंगला एक मिथाइल. टोल्युइन आणि क्लोरीन, बाणावर उजेड असेल तर मिथाइलचा हायड्रोजन जातो आणि बेंझाइल क्लोराइड होतो, कारण बेंझाइल रॅडिकलला रिंगचा आधार. बाणावर फेरिक क्लोराइड आणि अंधार असेल तर ते रॅडिकलचं प्रकरणच नाही, क्लोरीन रिंगवर जातो, ऑर्थो (मिथाइलच्या शेजारी) आणि पॅराला (बरोबर समोर). गेल्या वर्षी माझ्या सातातल्या पाच जणांनी दोन्हीला एकच उत्तर लिहिलं, आणि त्यातला एक तर माझा सख्खा भाचा.

करून बघायला एक देते. ३-मिथाइलपेंटेन, क्लोरीन, उजेड, मोनोक्लोरो किती आणि किती टक्के? रंग चार येतात. टोकांचे सहा, ६. दोन्ही सीएचटूचे मिळून चार, १५.२. टर्शरी, ५. फांदीवरच्या मिथाइलचे तीन, ३. बेरीज २९.२, आणि टक्के साधारण २१, ५२, १७, १०. आता पेपरात विचारलं की स्टिरिओआयसोमर (जोडणी तीच, फक्त अवकाशातली मांडणी वेगळी) धरून किती, तर आठ. चार किंवा सहा येत असतील तर २-क्लोरो-३-मिथाइलपेंटेन परत काढा, तिथे एक नाही, दोन कायरल कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेले) तयार होतात, त्या एकट्याचेच चार.